यादीत नसलेली मुलं

नाबर बाई निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. शाळेची स्मरणिका निघणार होती आणि त्यातली माजी विद्यार्थ्यांची पानं माझ्याकडे आली होती. मी यादी घेऊन चारकोपला बाईंच्या घरी गेले. बाई बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. हात ओले म्हणून त्यांनी कागद घेतला नाही. म्हणाल्या, "वाच तूच."

अकरा नावं होती. चार डॉक्टर, दोघं अमेरिकेत, एक न्यायाधीश, एक मंत्रालयात बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर, अशी. मी वाचून संपवली. बाईंनी दोन-चार वाल सोलले आणि विचारलं, "बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"एकेका वर्गात पन्नास मुलं असायची. ती काय मोठी झालीच नाहीत?"

समितीला यशस्वी माजी विद्यार्थी हवेत, असं मी सांगितलं. मी चहा पिऊन निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मला त्यांचं पुढे काय झालं ते माहीत नाही, वैशाली. तेहतीस वर्षं शिकवलं आणि माहीत नाही."

आमच्या शाळेच्या नावात इंग्लिश स्कूल आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेला तसं नाव द्यायची जुन्या काळात पद्धत होती. बाकी सगळं मराठी. कांदिवलीतली गिरणी कामगारांची, कारकुनांची, कोकणातून आलेल्या कुटुंबांची मुलं. या नावाच्या शाळेत खरं इंग्रजी काय ते नाबर बाईंच्या तासालाच. बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, उंच, शिडशिडीत. लग्न केलं नाही. चालायच्या भरभर, बोलायच्याही भरभर, आणि समोरचा रेंगाळला तर त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायच्या. "टीचर, मे आय" एवढं म्हणेपर्यंत "गो, गो" म्हणून मोकळ्या. वर्गात त्या मालवणीचा एक शब्द काढत नसत. आम्हाला तर कित्येक वर्षं वाटायचं की त्यांना ती येतच नाही.

धडा-कविता त्या शिकवायच्याच, पण त्यांचा जीव दुसरीकडे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. रेल्वेच्या पासाचा फॉर्म भरा. एकदा शाळेच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं, तेव्हा त्यांनी आमच्या अख्ख्या वर्गाकडून वॉर्ड ऑफिसला इंग्रजीत तक्रार लिहून घेतली. त्यातली सर्वांत चांगली सात पत्रं खरोखर पोस्टात टाकली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, की कृपया पत्रव्यवहार मराठीत करावा. बाईंनी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं आणि आमच्याबरोबर त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "आता मराठीत लिहा. पण पाणी यायलाच हवं." पाणी आलं.

तर, यादी वाचून झाल्यावर आठवड्याभरात बाईंचा मला फोन आला. तुझ्या बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते ना, मग येत्या शनिवारी मला घेऊन चल, म्हणाल्या. कुठे, तर दिनेश राणेकडे. दिनेश माझ्याच वर्गातला, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो एवढं मला माहीत होतं. मला वाटलं बाई त्याच्या घरी जायचं म्हणतायत. पण बाईंना त्याचं काम बघायचं होतं.

बोरिवलीत एका बावीस मजली इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मशीन रूम होती. तिथे दिनेश आम्हाला घेऊन गेला. दारात बाईंनी चपला काढल्या. दिनेश म्हणाला, "बाई, राहू दे, तेलकट आहे, आणि इथे चपला घालूनच यायचं असतं." तेव्हा त्यांनी परत घातल्या. त्याने प्लास्टिकचं स्टूल पुसून दिलं. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "हं. शिकव."

दिनेश बिचारा गोंधळला. मोटर, ब्रेक, दोर असं भराभर दाखवायला लागला. बाईंनी हात वर केला. अगदी वर्गात करतात तसा. म्हणाल्या, "तू फार घाईत शिकवतोस. दोर तुटला तर लिफ्ट खाली का पडत नाही, ते माका समाजला नाय. परत सांग."

त्यांच्या तोंडची मालवणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. दिनेशनेही. तो हसला, खाली बसला आणि त्याने गव्हर्नर नावाचं ते चाक हाताने फिरवून दाखवलं. वेग वाढला की ते कसं अडकतं, खाली लिफ्टचे जबडे रुळाला कसे चावतात, हे सगळं तोही मालवणीतच सांगत गेला. पाऊण तास. उठताना बाईंनी विचारलं, तुला भीती कशाची वाटते? दिनेश म्हणाला, दोराची नाही वाटत, लोकांची वाटते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतले लोक स्वतःच दार उघडून उडी मारायला बघतात. मी आधी बाहेरून त्यांच्याशी बोलत बसतो, मग मशीनला हात लावतो.

परतीची रिक्षा घराजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, "हा मुलगा माझ्या तासाला शेवटच्या बाकावर झोपायचा."

मग हे सुरूच झालं. महिन्यातले दोन शनिवार. एकाकडे गेलो की तो दुसऱ्याचा पत्ता सांगायचा. सांताक्रूझला विमानांचं सामान चढवणारा एक, घाटकोपरला स्वतःचं पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या दोघी बहिणी. प्रत्येकाकडे बाई स्टुलावर बसायच्या आणि कळलं नाही की हात वर करायच्या. एकाने मात्र फोनवरच सांगितलं की कंपनी बंद झाली, बाई, सध्या माझ्याकडे बघण्यासारखं काही नाही. बाई म्हणाल्या, मग तू माझ्याकडे ये. तो आला. दोन तास बसला. बाईंनी त्याचा बायोडाटा नव्याने लिहून दिला आणि त्यातली चार खोटी विशेषणं खोडली. पुढे त्याला अंधेरीत एका गोदामावर काम मिळालं. बायोडाटामुळे की काय, मला माहीत नाही.

मला सगळ्यांत जास्त आठवते ती अल्का तांबे. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात ती कृत्रिम पाय बनवते. बाईंच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि बाईंना पत्ता नव्हता. पाय गुडघ्याखाली कापलेल्या माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा करायचा, तो कानशीने घासून बेताचा करायचा आणि त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढायचा, असं ते काम. साचा कुठे घासायचा आणि कुठे नाही, यात सगळं कसब. चुकला तर माणसाला चालताना जखम होते.

अल्का दहावीला इंग्रजीत नापास झाली होती. तिने ते आल्या आल्याच सांगितलं, बाईंना आठवण असेल-नसेल म्हणून. बाईंना आठवत होतं. त्यांनी विचारलं, मग हे शिक्षण कसं केलंस, ते तर सगळं इंग्रजीत असेल. अल्का म्हणाली, आधी इथे झाडू मारायला लागले. परदेशी कॅटलॉग यायचे, त्यातल्या चित्रांवरून एकेक शब्द पाठ केला. हाडांची नावं आधी आली, मग ऑक्टोबरला बसून दहावी सुटली, मग कोर्स.

"म्हणजे माझ्याशिवाय," बाई म्हणाल्या.

"तसं नाही, बाई. लेबल वाचायची सवय तुमचीच."

बाईंनी कानस मागून घेतली. अल्काने एक टाकाऊ साचा दिला आणि कुठे घासायचं ते पेन्सिलीने आखून दिलं. बाईंनी मन लावून पंधरा मिनिटं घासलं. अल्काने त्यावरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि पेन्सिलीने मोठी फुली मारली. "हाड आहे तिथेच दाब आला, बाई. परत करा." बाईंनी परत केलं. दुसऱ्या वेळीही फुली. तिसऱ्या वेळी अल्का म्हणाली, चालेल. घरी जाताना बाईंनी ते मला तीनदा सांगितलं. चालेल म्हणाली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांची नावं बाईंनी काढली होती, पण महेश गावडेचं नाव त्या काढत नव्हत्या. मीही काढत नव्हते.

महेश अडखळत बोलायचा. पहिल्या अक्षरावर अडकला की त्याचे डोळे मिटायचे, मान ताठ व्हायची, आणि शब्द सुटेपर्यंत आम्ही सगळे श्वास रोखून बसायचो. बाई त्याचीही वाक्यं पुरी करायच्या, सगळ्यांची करायच्या तशीच. नववीत एकदा तपासणीला साहेब येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी बाई धडा वाचून घेत होत्या. एकेक परिच्छेद एकेकाने वाचायचा. महेशने हात वर केला. तो सहसा करत नसे. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या मुलाला उभं केलं. महेशचा हात तसाच वर. तेव्हा बाई म्हणाल्या, "तू नको रे. वेळ जातो."

वर्ग हसला. मीही हसले. महेशने हात खाली घेतला. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही.

त्याचा पत्ता दिनेशकडून कळला. राहायला बोरिवलीत, मुलुंडला एका मोठ्या बांधकामावर टॉवर क्रेन चालवतो. मी बाईंना फोनवर हे सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि ठेवून दिला. पुढचा शनिवार त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून टाळला. त्याच्या पुढचाही. तिसऱ्या वेळी मी विचारलं नाही, तर त्यांचाच फोन आला. मुलुंडला जाऊया.

बांधकामाच्या फाटकावर सेफ्टीच्या माणसाने आम्हाला अडवलं. पायात चपला, डोक्यावर काही नाही. त्याने पिवळी हेल्मेट दिली आणि पत्र्याच्या साइट ऑफिसपलीकडे जायचं नाही असं बजावलं. क्रेन एकोणतिसाव्या मजल्याच्याही वर उभी होती. तिची केबिन खालून काडेपेटीएवढी दिसत होती. बाईंनी विचारलं, वर जाता येईल का? तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला.

त्यानेच मग सांगितलं की गावडे एकदा वर गेला की एरवी संध्याकाळीच उतरतो, डबा-पाणी बरोबर नेतो. आज कोणी भेटायला येणार म्हणून दुपारी उतरणार आहे. आणि म्हणाला, एक नंबर माणूस. वॉकी-टॉकीवर बोलत नाही. बटण एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की थांबा, अशी पद्धत त्याने बसवली आहे. आधी लोक वैतागले. आता दुसऱ्या क्रेनवालेही तसंच करतात, कारण आवाजाच्या गोंधळात शब्द चुकीचा ऐकू येऊ शकतो, बटण नाही.

महेश शिडीने उतरायला लागला. आधी नुसता ठिपका, मग शर्टाचा रंग, मग माणूस. बारा-पंधरा मिनिटं लागली असतील. बाई पूर्ण वेळ मान वर करून उभ्या होत्या. मी खुर्ची आणली, पण बसल्या नाहीत.

तो आला. अंगाने भरलेला, केस पिकायला लागलेले. हात धुऊन पुढे आला आणि वाकायला लागला. बाई मागे सरकल्या.

"थांब, महेश. आधी मला बोलू दे. नववीत मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तू नको, वेळ जातो. ते मी विसरलेले नाही. माझं चुकलं होतं."

महेश सरळ उभा राहिला. मला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ द्या बाई, जुनी गोष्ट. सगळेच म्हणतात. त्याचे डोळे मिटले, मान ताठ झाली.

"आ... आ... आठवतं," तो म्हणाला.

पुढचं बोलायला त्याला बराच वेळ लागला. शब्द अडला की मी आपसूक तो मनात पुरा करत होते, आणि एकदा तर माझं तोंड उघडलंही. बाईंनी न बघता माझं मनगट घट्ट धरलं. त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. पुढे झुकल्या नाहीत, मान हलवून त्याला ढकलत नव्हत्या, नुसत्या उभ्या. शेजारी काँक्रीटचा मिक्सर फिरत होता.

तो म्हणाला ते असं. "शाळा बाबांची गिरणी गेली म्हणून सुटली. त्यात तुमचं काही नाही. पण बोलायचं मी तुमच्यामुळे सोडलं."

बाई म्हणाल्या, "हो."

एवढंच. समजावलं नाही, रडल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं की वर बसून तू काय करतोस ते मला सांगशील? सगळं सांग, मला घाई नाही. पत्र्याच्या ऑफिसात आम्ही बसलो आणि महेशने सांगितलं. वारा वाढला की क्रेनचा हात मोकळा सोडावा लागतो, म्हणजे तो वाऱ्याबरोबर फिरतो. बांधून ठेवला तर क्रेन पडते. सकाळी स्वच्छ असलं तर वरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात ढग केबिनच्या खाली येतो, तेव्हा खालचं काही दिसत नाही आणि तो बटण दोनदा दाबून बसून राहतो. बाईंनी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा महेशने परत समजावलं.

जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा त्याने खरी गोष्ट काढली. त्याची मुलगी मानसी, सहावीत. तीही अडखळते. वक्तृत्वाला नाव दिलं होतं, तर तिच्या वर्गशिक्षिकेने ते काढून टाकलं. पोरीची फजिती नको म्हणून, प्रेमानेच. पण तेव्हापासून मानसी घरीही बोलेनाशी झाली आहे. तो स्वतः शाळेत गेला होता, पण तिथे त्याला शब्दच फुटला नाही.

"तुम्ही ब... बोलाल?" त्याने विचारलं.

बाई त्या सोमवारीच गेल्या, एकट्या. तिथे काय झालं ते त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. ती शिक्षिका तरुण होती, चांगली होती. बाईंनी तिला दोष दिला नाही. मीही शिक्षिका होते आणि मी काय केलं ते तुम्हाला सांगायला आले आहे, म्हणाल्या, आणि महेशची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्या शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. मानसीचं नाव लगेच परत लागलं असं नाही, स्पर्धा होऊनही गेली होती. पण रोज सकाळी वर्गात बातम्या सांगायची पाळी असते, त्यात तिला घेतलं, आणि ती बोलत असताना कोणी हसायचं नाही की मदत करायची नाही, असा नियम झाला.

बाईंनी महेशला आणखी एक सांगितलं, की मी काही डॉक्टर नाही, पोरीला स्पीच थेरपिस्टकडे ने. त्याची बायको नेऊ लागली. आणि रविवारी दुपारी मानसी चारकोपला बाईंकडे यायला लागली. इंग्रजी शिकायला असं घरात सांगितलं होतं, पण मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा पुस्तक मिटलेलंच असायचं आणि मानसी काहीतरी सांगत असायची.

स्मरणिका उशिरा निघाली. समितीत वाद झाले. एवढ्या लोकांना जागा नाही, जाहिराती कमी होतील, वगैरे. शेवटी अकरा जणांची पानं तशीच राहिली आणि पुढे चोवीस पानं वाढली. प्रत्येकाने आपलं काम स्वतःच्या शब्दांत लिहायचं, बाईंनी फक्त शुद्धलेखन बघायचं. न्यायाधीशांनी समारंभात अल्काला शोधून काढलं; त्यांच्या वडिलांना पाय हवा होता. महेश समारंभाला आला होता, मागे उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि त्या दिवशी मीही हसले होते, असं सांगितलं. तो म्हणाला, "म... माहितेय," आणि माझ्या हातात वडा ठेवला.

बाई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. हृदयविकार, फार त्रास न होता. स्मशानात कितीतरी लोक कामाच्या कपड्यांत आले होते.

माझ्यासमोर मात्र त्याआधीच्या रविवारच्या बाई आहेत. मी दुपारी चारच्या सुमाराला गेले. दार लोटलेलंच होतं. पलंगावर मानसी मांडी घालून बसली होती, समोर खुर्चीवर बाई. वर्गात नवीन आलेल्या मुलीशी तिचं भांडण कसं झालं आणि ते मिटलं कसं, ते मानसी सांगत होती. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा करपट वास येत होता. बाईंना तो येत असणारच. मानसी एका शब्दावर अडकली, डोळे मिटले. बाई जागच्या हलल्या नाहीत. फक्त पाठीमागे हात करून त्यांनी मला बोटाने दाखवलं, गॅस बंद कर. मी आवाज न करता आत गेले, गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले. बाहेर अजून शांतता होती. मग मानसीचा शब्द सुटला, वाक्य पुरं झालं, आणि बाईंनी विचारलं, "मग पुढे?"